कॉफी हाऊसमध्ये कलाकार्यक्रम घ्यायचाय? आधी गल्ला, मग तारीख, पोस्टर त्यानंतर

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठेही बघा, आपल्या भागातल्या कॉफी हाऊसमध्ये काव्यवाचन, चित्रकलेची कार्यशाळा किंवा छोटी मैफल घ्यायची हौस वाढली आहे. फसण्याची तऱ्हाही बहुधा एकच असते. ओळखीच्या कवीकडून नाहीतर चित्रकाराकडून 'हो' म्हणवून घेतले जाते आणि त्याच रात्री पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरू लागते. चार दिवसांनी कळते की त्याच संध्याकाळी गावच्या देवळाची जत्रा आहे, मालकाला रविवारची संध्याकाळ सोडायची नाही आणि माईक लावायला मोकळा प्लग फक्त स्वयंपाकघरात आहे.

कला अकादमीत किंवा रवींद्र भवनात हॉल घेतला की खुर्च्या, वीज, पार्किंग हे प्रश्न बऱ्यापैकी सुटलेले असतात. कॉफी हाऊसमध्ये चालू धंद्याच्या पोटात कार्यक्रम बसवावा लागतो, म्हणून कामांचा क्रमही बदलतो. खाली दिलेला क्रम साधारण २० ते ३५ माणसांच्या कार्यक्रमासाठी आहे. टप्पे मागेपुढे करू नका; निम्म्याहून जास्त घोटाळे तिथेच होतात.

## टप्पा १: मालकाशी बोलणी गल्ल्यापासून सुरू करा

'आम्ही कलेचा प्रसार करतोय' हे वाक्य पहिल्या भेटीत उच्चारू नका. मालकाच्या डोक्यात एकच गणित चालू असते: तीस माणसे दोन तास टेबले अडवणार, एकेक कॉफी घेणार आणि नेहमीचे गिऱ्हाईक दारातून परत जाणार. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारा: 'तुमच्याकडे आठवड्यात कोणते दोन तास सगळ्यात रिकामे असतात?' उत्तर येईल ती तुमची वेळ. शनिवारची संध्याकाळ मागायला जाऊ नका.

गोव्यात एक वेळ अनेकांच्या लक्षातच येत नाही. दुपारी एक ते साडेतीन-चार या वेळात बरीच दुकाने बंद असतात, कॉफीलाही उठाव नसतो. सुलेखन, रेखाटन, कागदकाम अशा बिनआवाजी कार्यशाळेला ही वेळ उत्तम. मात्र याच वेळेत शेजारी वामकुक्षी घेत असतात, त्यामुळे घुमट (कातडे ताणलेले मातीचे गोमंतकीय तालवाद्य), तबला, माईक या वेळेत वर्ज्य.

पैशाची व्यवस्था तीनपैकी एका पद्धतीने ठरते:

१. प्रवेशशुल्कातच एक कॉफी आणि एक खाणे. मालकाला माणशी ठरलेली रक्कम.
२. प्रवेश मोफत, पण अमुक रकमेच्या विक्रीची हमी. कमी पडली तर फरक आयोजक भरणार.
३. जागा पूर्ण बंद करून ठोक भाडे.

पहिल्यांदा करणाऱ्याने पहिली पद्धत घ्यावी. दुसरीत आयोजक कार्यक्रम सोडून दोन तास लोकांच्या कपाकडे बघत बसतो.

ठरले ते एका पानावर लिहा आणि दोघांनी सह्या करा: वेळ (मांडामांड आणि आवराआवर धरून), किती टेबले, बाहेरचे गिऱ्हाईक चालू राहणार की नाही, वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालेल, तुटफूट झाली तर भरपाई कोणाची, कार्यक्रम रद्द झाला तर किती दिवस आधी कळवायचे.

इशारा: मालक 'हो हो, करूया' म्हणाला आणि काउंटर सांभाळणाऱ्या मुलाला काहीच माहीत नाही, हे नेहमीचे. त्या दिवशी काउंटरवर कोण असेल त्याला बोलण्यात घ्या. कार्यक्रम त्याच्या जिवावर होतो.

## टप्पा २: टेप घेऊन जा, आणि त्याच वेळेला जा

कार्यक्रम संध्याकाळी पाचला असेल तर जागा पाहायलाही त्याच वारी पाचला जायचे. सकाळी शांत वाटलेल्या दुकानासमोर संध्याकाळी बसथांब्याची गर्दी असू शकते.

काउंटर, फ्रिज आणि वेटरच्या ये-जा करण्याची तीन फुटांची वाट वगळून उरलेली जागा मोजा. नुसते ऐकायला बसणाऱ्या माणसाला साधारण १० चौरस फूट धरा, टेबलावर काम करणाऱ्याला २० ते २५. म्हणजे ३०० चौरस फूट मोकळी जागा असेल तर श्रोते ३० मावतील, पण कार्यशाळेला १२ ते १५च. 'दाटीवाटीने बसू' हे काव्यवाचनात चालते. रंगाचे पाणी शेजारच्याच्या कागदावर सांडते तेव्हा चालत नाही.

मग आवाज. सोबत्याला जिथे कलाकार बसेल तिथे उभे करून वर्तमानपत्राचा एक कॉलम वाचायला सांगा आणि तुम्ही सगळ्यात मागच्या कोपऱ्यात बसा. पंखे चालू ठेवा आणि काउंटरवर एक कॅपुचिनो सांगा. बिया दळणारा ग्राइंडर आणि दुधाला दिली जाणारी वाफ, या दोन आवाजांपुढे कवितेची ओळ टिकत नाही. ते मशीन कार्यक्रमात केव्हा चालेल आणि केव्हा थांबेल, हे इथेच ठरवून घ्यायचे. तीस माणसांच्या खोलीत मशीन गप्प असेल तर वाचनाला माईक लागतच नाही.

विजेचे पुढचे दोन परिच्छेद कंटाळवाणे वाटतील, पण वाचा.

दोन कप एकदम काढणारे कॉफी मशीन तीन-चार हजार वॉट ओढते. आपल्याकडच्या १६ अँपिअरच्या एका लाइनवर २३० व्होल्टला जेमतेम ३,६०० वॉट मिळतात. त्याच लाइनवर तुम्ही ॲम्प्लिफायर लावला तर स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, आणि कुणी रंग वाळवायला केसांचा ड्रायर लावला (तो हजार-दीड हजार वॉटचा असतो) तर एमसीबी पडून कॉफीही बंद, कार्यक्रमही बंद. कोणता प्लग कोणत्या लाइनवर आहे, ते मालकाच्या वायरमनला विचारा आणि प्लगवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

एक्स्टेंशन बोर्डाची वायर वाटेत आडवी टाकू नका. टाकावीच लागली तर रुंद टेपने जमिनीला चिकटवा. हातात गरम कॉफीचा ट्रे घेतलेल्या मुलाला ती दिसत नाही.

तपासा: छप्पर पत्र्याचे आहे का? असेल तर जून ते सप्टेंबर तिथे गाणे आणि वाचन नको. पावसाची सर आली की शेजारच्याचेही बोलणे ऐकू येत नाही. कौलाखाली निभावते.

## टप्पा ३: तारीख

कॅलेंडर उघडण्याआधी फोन उचला. गावच्या देवस्थान समितीतल्या कुणाला तरी आणि चर्चजवळ जागा असेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारा: त्या आठवड्यात जत्रा, पालखी, फेस्त (चर्चचा सण) काही आहे का? छापील कॅलेंडरात मोठे सण असतात, वाड्यावरचा कालो (देवळाचा नाट्योत्सव) नसतो.

टाळायच्या तारखा सांगतो. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दिवस सोडा. माणसे माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीच्या) सामानात, घरच्या रंगरंगोटीत आणि भजनांत असतात. शिगम्याच्या मिरवणुका जिथून जातात, तिथे त्या संध्याकाळी रस्ताच बंद असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, म्हणजे मुले नाहीत आणि आया पण नाहीत. पणजीत असाल तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि डिसेंबरात सेरेंडिपिटी हा कला महोत्सव, हे दोन्ही तुमचे प्रेक्षक आणि पार्किंग घेऊन जातात. जत्रांचा हंगाम हा नाटकांचाही हंगाम. त्या दिवसांत नाट्यवाचनासाठी चांगली माणसे मागाल तर ती कुठेतरी तालमीत सापडतील.

पावसाळ्याला लोक उगाच घाबरतात. जुलै-ऑगस्टमध्ये दुकान रिकामे असते, मालक मोकळा असतो आणि गावातली माणसे घरी कंटाळलेली असतात. वाचन, गप्पा, सुलेखन यांना याहून चांगला हंगाम नाही. फक्त अंगणात काही ठेवू नका आणि कार्यक्रम शेवटच्या बसच्या बऱ्याच आधी संपवा.

एकच तारीख धरू नका. दोन धरा, मालकाकडून दोन्ही मोकळ्या ठेवून घ्या आणि पुढे कलाकाराला फोन कराल तेव्हा (टप्पा ७) दोन्ही विचारा.

## टप्पा ४: शेजार आणि परवानग्या

आधी शेजार, मग कागद. परवानगी खिशात असूनही वरच्या माडीवरच्या आजीबाईंनी पोलिसांना फोन केला तर मैफल थांबतेच. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी डावीकडचे, उजवीकडचे, समोरचे आणि वरचे घर यांना प्रत्यक्ष भेटा. वेळ सांगा, कधी संपणार ते सांगा, तुमचा नंबर द्या, आणि 'तुम्ही पण या, काका' असे मनापासून म्हणा. कॅथलिक शेजार असेल तर संध्याकाळच्या तेर्साची (जपमाळेच्या प्रार्थनेची) वेळ विचारून घ्या आणि त्या वेळात घुमटावर थाप मारू नका.

दुचाकी कुठे लागणार तेही तेव्हाच दाखवा. वाड्यावरचे रस्ते अरुंद. एखाद्याच्या फाटकासमोर स्कूटर लागली की पुढच्या खेपेला तो शेजारी तुमचा राहिला नाही.

आता कागद:

१. लाउडस्पीकर वापरायचा असेल तर लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत हे स्पष्ट आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद.
२. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाचाहून जास्त डेसिबलने वाढता कामा नये. मोबाइलवरच्या ॲपने दाराबाहेर उभे राहून मोजा. अगदी अचूक नसले तरी अंदाज येतो.
३. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत असाल तर तो शांतता क्षेत्राचा भाग असू शकतो. तिथे माईकचा विचारच सोडा.
४. तिकीट लावणार असाल तर पंचायत किंवा नगरपालिका आणि पोलीस स्थानक, दोन्हीकडे आधी जाऊन विचारा. दुकानाचा परवाना खाद्यपदार्थांचा असतो. त्यात तिकिटाचा करमणूक कार्यक्रम आपोआप बसतो असे गृहीत धरू नका.

इशारा: पंचाशी ओळख आहे म्हणून तोंडी होकारावर जाऊ नका. अर्जाची पोच घ्या आणि त्या दिवशी ती काउंटरवर ठेवा.

## टप्पा ५: या जागेत काय होईल, काय होणार नाही

इथे जरा थांबतो, कारण मूळ निवड चुकली की पुढचे सगळे बरोबर करूनही उपयोग होत नाही. खाण्यापिण्याच्या जागेला दोन बंधने असतात: वास आणि मोरी. टर्पेंटाइन, तैलरंग, स्प्रे, वॉर्निश यांना पूर्ण मनाई. कॉफीचा धंदा वासावर चालतो. आणि कपबश्या धुण्याच्या मोरीत ब्रश, माती, रंग काहीही धुवायचे नाही.

जलरंग. सगळ्यात सोपा. कागद ३०० जीएसएमचा घ्या. पातळ कागद गोव्याच्या दमट हवेत आधीच वाकलेला असतो, पाणी लागले की पन्हळ होते. पावसाळ्यात पहिला हात वाळायला इतका वेळ लागतो की दोन तासांत चित्र पूर्ण होत नाही. म्हणून शिक्षकाला दोन छोटी चित्रे आळीपाळीने करायला लावायला सांगा: एक वाळते तोवर दुसरे. पाण्याला दुकानाचे ग्लास वापरू नका. घरून बरण्या आणा आणि प्रत्येक टेबलाशी एक मोठी बादली ठेवा. ब्रशचे पाणी समजून कुणी कॉफीत ब्रश बुडवतो आणि कॉफी समजून कुणी ब्रशचे पाणी पितो. हसू नका, कप आणि बरणी एकाच रंगाची असली की होतेच. कप टेबलाच्या उजव्या कडेला, बरणी डाव्या.

मातीकाम. डिचोलीकडून चांगली माती मिळवता येते, हौसही मोठी असते, पण आवरणे अवघड. दोन बादल्यांची पद्धत ठेवा: पहिलीत हात आणि हत्यारे धुवायची, दुसरीत खंगाळायची. पहिली बादली रात्रभर न हलवता ठेवा, वरचे पाणी ओता, तळाचा गाळ झाडाच्या बुडात. माती पाइपात गेली की ती तिथे बसते आणि प्लंबरचे बिल तुमच्या नावाने येते. जुलैत केलेली वस्तू आठवडाभर ओली राहते, एप्रिलमध्ये केलेली घाईने वाळून तडकते. उन्हाळ्यात ओल्या फडक्यात गुंडाळून घरी न्यायला सांगा. प्रत्येकाला वस्तू नेण्यासाठी पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा तुकडा द्या, नाहीतर लोक ती दुकानातच सोडून जातात आणि महिनाभर मालकाच्या फ्रिजवर गणपती, हत्ती आणि न ओळखू येणारे प्राणी बसून राहतात.

कावी. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो खरवडायचा, आतला पांढरा दिसू द्यायचा. देवळाच्या भिंतीवर पाहिलेली कला दीड तासात टेबलावर उतरवता येते असे लोकांना वाटते. भिंत सोडा, वीतभर फळ्या घ्या. गिलावा कार्यक्रमाच्या थोडा आधी जाणकारानेच लावायचा, कारण तो ओला आहे तोवरच कोरता येतो. चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो. चष्मा आणि हातमोजे लागतील. अंगण असेल तरच करा आणि १२ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका.

घुमट. आठ-दहा घुमटे आणि एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचे साथीचे वाद्य) एवढ्यावर बंद खोली दणाणते, म्हणून शिकवणी तासाभराची आणि लवकर संध्याकाळची ठेवा. ओल्या हवेत कातडे सैल पडते. वाजवणारे अर्धा तास आधी येऊन ऊन किंवा ऊब दाखवतात, त्याला जागा द्या. आणखी एक: पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे असे. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. कुणी हौसेने माळ्यावरचे जुने घुमट आणतो म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. बकरीच्या कातड्याची घुमटेच वापरा.

नाट्यवाचन. कॉफी हाऊसला शोभणारा प्रकार. चार ते सहा वाचक, उभे स्टँड, तासभराची संहिता. हालचाल बसवायला जाऊ नका. वेटर रंगमंचावरून जातो.

काव्यवाचन. आठ कवी, प्रत्येकी सहा मिनिटे, एकूण ४८ मिनिटे. कागदावर. प्रत्यक्षात 'फक्त शेवटची एक' म्हणून तीन होतात. यावर एकच उपाय मला माहीत आहे: पहिल्या क्रमाला असा कवी ठेवा जो वेळ पाळतो. पुढचे सात त्याच्याकडे पाहून शिस्तीत राहतात. ज्येष्ठांना मान म्हणून आधी बोलावले की गणित तिथेच कोसळते. त्यांना शेवटी ठेवा, तोच खरा मान.

फुगडी आणि धालो या बायकांच्या लोकनृत्यांना मांड (त्यासाठी ठरलेले अंगण) लागतो, मोकळी जमीन लागते. टेबले सरकवून फुगडी घालू नका.

चित्रप्रदर्शन लावणार असाल तर जुन्या घराची भिंत ठोकून पाहा. चिऱ्यावर चुन्याचा गिलावा असेल तर खिळ्यासोबत ओंजळभर भिंत हातात येते. वर पट्टी बसवून तारेने चित्रे सोडा. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. इथे माणसे बसलेली असतात, म्हणून बरेच खाली घ्या. काउंटरवरच्या वाफेजवळ काहीही नको. पावसाळ्यात चौकटीमागे बुचाचे छोटे तुकडे लावून भिंत आणि चित्र यांत फट ठेवा, नाहीतर महिन्यात बुरशी धरते. विक्री झाल्यास मालकाचा वाटा किती आणि चित्र खराब झाल्यास जबाबदार कोण, हे चित्र भिंतीवर जाण्याआधी लिहून घ्यायचे.

## टप्पा ६: हिशेब, आणि 'रद्द' करण्याचा आकडा

नमुन्यादाखल एक कार्यशाळा घेऊ. शुल्क ५०० रुपये. माणशी साहित्य १५०, माणशी कॉफी-खाणे १००. शिक्षकाचे मानधन ३,५००. म्हणजे प्रत्येक माणसामागे २५० रुपये हातात राहतात आणि मानधन निघायला १४ माणसे लागतात. १५ आली तर २५० शिल्लक, १० आली तर १,००० खिशातून.

यातला १४ हा आकडा महत्त्वाचा. तो आधी ठरवा आणि शिक्षकालाही सांगा: कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी पैसे भरलेली १४ नावे नसतील तर पुढची तारीख घेऊ. हा आकडा नसला की आयोजक आशेवर राहतो, साहित्य १५ जणांचे आणतो आणि आठ जणांसमोर शिक्षक तेच शिकवतो.

'येतोय हं, नाव घाल' याला नोंदणी म्हणत नाहीत. शुल्क यूपीआयने आधी घ्या. कार्यक्रम मोफत असला तरी ५० रुपये घ्या आणि ते दारात कॉफीतून वळते करा. मोफतच्या यादीतले लोक पाऊस पाहून घरी राहतात.

## टप्पा ७: आता कलाकाराला फोन

होय, इतक्या उशिरा. आता तुमच्याकडे सांगायला काहीतरी आहे: दोन तारखा, जागेचे माप, किती माणसे, किती मानधन, येण्याजाण्याचा खर्च कोण देणार, मशीनचा आवाज केव्हा बंद असेल. 'मानधनाचं बघू' म्हणणाऱ्या आयोजकाकडे चांगला कलाकार एकदाच येतो. 'तुमची पण ओळख होईल' हे तर म्हणूच नका. गोव्यात सगळे एकमेकांना आधीच ओळखतात.

नाटक वाचणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी याच टप्प्यावर. पैसे न घेता हौशी मंडळाने केलेल्या प्रयोगाला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण शुल्क किंवा सक्तीचे कूपन आले की त्या सवलतीवर विसंबू नका. लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे असतात. प्रकाशित पुस्तकातला वाजवी उतारा वाचायला हरकत नाही. पूर्ण एकांकिका म्हणजे उतारा नव्हे. मध्यंतरात रेकॉर्ड केलेली गाणी लावायची असतील तर दुकानाकडे त्याचा परवाना आहे का ते विचारा. नसेल तर गाण्यांशिवाय काही बिघडत नाही.

मुले असतील तर शिक्षकामागे आठ ते दहाच घ्या. मोठ्यांच्या गटात १२ ते १५. मुलांच्या कार्यक्रमात दोन प्रौढ सतत हजर हवेत, आणि मुलाला कोण न्यायला येणार ते नाव आधी लिहून घ्या. फोटोला पालकांची परवानगीही त्याच कागदावर.

## टप्पा ८: पोस्टर

काय, किती ते किती, शुल्कात काय धरले आहे, काय घेऊन यायचे, भाषा कोणती, पार्किंग कुठे, नोंदणीचा नंबर. एवढे. चार प्रमुख पाहुण्यांचे गोल फोटो आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात पत्ता, असे पोस्टर करू नका. 'कार्यशाळा मराठीतून, कोकणी चालेल' अशी एक ओळ घातली तर शेजारची कोकणीभाषक मंडळीही निर्धास्त येतात. त्यांच्यासाठी तोच मजकूर रोमीतही (रोमन लिपीतल्या कोकणीतही) करा.

व्हॉट्सॲपवर मजकूर चित्राबरोबर अक्षरांतही पाठवा. वर्तमानपत्रांना चार ओळींची बातमी आठवडाभर आधी द्या. आणि एक प्रत त्याच कॉफी हाऊसच्या काउंटरवर, जिथे बिल भरताना नजर जाते तिथे. रोज येणारे गिऱ्हाईक हा तुमचा पहिला प्रेक्षक.

## टप्पा ९: तो दिवस

कार्यक्रम साडेचारला असेल तर:

३.३०: टेबलांवर जुनी वर्तमानपत्रे, बादल्या, कचऱ्याची पिशवी. टेबले कशी होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा; नंतर तशीच लावून द्यायची आहेत.

४.००: आवाजाची चाचणी. हळू. शेजारी आत्ता कुठे उठत असतात.

४.१०: माणसे आली की आधी कॉफीची ऑर्डर, मग खुर्ची. हे उलटे झाले की पहिल्या कवितेत वेटर कानाशी 'साखर?' विचारतो.

४.३५: सुरुवात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, मनोगत: हे सगळे धरले तर पाऊण तास जातो, आणि तीस माणसांच्या खोलीत ते विचित्रही दिसते. एकाने उभे राहून दोन वाक्ये बोलावी आणि बसावे. फूल द्यायचेच तर शेवटी द्या.

५.३०: मध्यंतर. इथे सगळ्यात मोठी गफलत होते. एक कप बनायला मिनिट-सव्वा मिनिट धरले तरी २५ कपांना अर्धा तास लागतो, आणि मध्यंतर १५ मिनिटांचे जाहीर केलेले असते. चहा किंवा फिल्टर कॉफी थर्मासमध्ये आधीच तयार ठेवायला सांगा. मशीनची कॉफी फक्त सुरुवातीला आणि शेवटी.

तपासा: वीज गेली तर काय? बॅटरीवरचे दोन दिवे, मेणबत्त्या नकोत (टेबलावर कागद आहेत). वाचन आणि पेटी-तबला तेवढ्या उजेडातही चालू राहते. कार्यशाळेसाठी खिडकीजवळची टेबले आधीच हेरून ठेवा.

६.३०: जाहीर केलेल्या वेळेला संपवा. रंगलेली मैफल ताणण्याचा मोह होतो, पण सातला ज्या गिऱ्हाइकाला टेबल हवे आहे तो मालकाचा रोजचा माणूस आहे.

## टप्पा १०: त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी

मानधन त्याच रात्री, कलाकार दाराबाहेर पडण्याआधी. 'उद्या जीपे करतो' नको. फोटोत पाहून टेबले होती तशी लावा, फरशीवरचे रंगाचे डाग वाळण्याआधी पुसा, बादल्या तुम्हीच उचला. दुकानातल्या पोरांना त्यांच्या कामापलीकडचे काम पडले असेल तर मालकाला सांगून त्यांच्या हातात थेट काहीतरी द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाकडे कॉफी प्यायला जा, पैसे देऊन. हिशेबाचा कागद समोर ठेवा: किती आले, किती जमले, त्याचा वाटा किती. मग विचारा काय खटकले. तो बहुधा 'सगळं छान झालं' म्हणेल. तेव्हा काउंटरवरच्या मुलाला विचारा. तो सांगेल की मोरीत कुणीतरी ब्रश धुतला, दोन माणसांनी बिल भरले नाही आणि मागच्या टेबलावरच्या काकांना काही ऐकू आले नाही. हे तिन्ही वहीत लिहा. शेजाऱ्यांकडे एक फेरी मारा. पुढची तारीख यानंतर मागा.